मृत्यूची नर्सिंग नोट (दीर्घकालीन देखभाल)

हॉस्पिस (बरे न होणारे पेशंट शेवटपर्यंत सांभाळणारी जागा), वृद्धाश्रमातला नर्सिंग विभाग किंवा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचा वॉर्ड, अशा ठिकाणी पेशंट गेला की ड्युटीवरची सिस्टर केसपेपरवर जे लिहिते ती मृत्यूची नर्सिंग नोट. ही आणि डेथ सर्टिफिकेट एकच असं नातेवाईकांना हमखास वाटतं, पण तसं नाहीये. आपल्याकडे मृत्यू घोषित करायचा डॉक्टरने, कारणही डॉक्टरनेच लिहायचं, सिस्टरने लिहायचं ते काय दिसलं, किती वाजता दिसलं, कुणाला कळवलं. इंग्लंडात आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मृत्यू अपेक्षित असेल तर ठरावीक नियमांत नर्सही तो घोषित करू शकते, इथे नाही.

आयसीयूत मॉनिटर असतो त्यामुळे वेळेची भानगड नसते. इथे मॉनिटर नाही. रात्री २ ला कूस बदलून दिली तेव्हा आजी कुरकुरल्या, ४ च्या राउंडला हात गार, मधे नक्की कधी गेल्या ते देवालाच माहीत. म्हणून चांगल्या नोटमध्ये तीन वेळा वेगवेगळ्या असतात: शेवटचं जिवंत पाहिल्याची, सापडल्याची आणि डॉक्टरांनी घोषित केल्याची. साधारण अशी, 'पहाटे ४.१० ला हाकेला व स्पर्शाला प्रतिसाद नाही, छातीची हालचाल नाही, मानेची नाडी लागत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, टॉर्चला प्रतिसाद नाही. ४.१५ ला डॉक्टरांना फोन. ४.४० ला डॉक्टर आले, तपासले, ईसीजी काढला, मृत घोषित केले. ४.५० ला मुलाला फोनवर कळवले.' ईसीजीची सपाट पट्टी नाव आणि वेळ टाकून पेपरला जोडायची. सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न) दिला की नाही, आणि नसेल तर डॉक्टरांची तशी लेखी ऑर्डर आधीपासून होती का, हेही यायला हवं, पुढे प्रश्न सगळ्यात आधी यावरच येतात. 'झोपेतच शांतपणे गेले' हे मुलाला फोनवर सांगायला ठीक आहे, नोटमध्ये नको, कारण ते कुणी पाहिलेलंच नसतं.

खरी पंचाईत मध्यरात्रीच्या आसपास. ११.५० ला सापडले, डॉक्टर १२.२० ला पोचले, म्हणजे तारीखच बदलली, आणि घरच्यांना तर तिथी हवी असते, पंचक लागलं का ते बघायचं असतं, मग सिस्टरच्या मागे लागतात की आधीची वेळ टाका. टाकायची नाही. खाडाखोड किंवा व्हाइटनर तर अजिबात नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही, आणि राहून गेलेलं नंतर लिहिलं तर 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट म्हणून.

अंगावरचे दागिने हा वेगळाच विषय. सोन्याचं मंगळसूत्र कधी लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूचं' लिहायचं, कारण ते सोनं आहे हे सिस्टर ठरवू शकत नाही! कवळी, चष्मा, घड्याळ सगळं मोजून दोन साक्षीदारांसमोर द्यायचं, घेणाऱ्याची सही आणि नातं लिहून घ्यायचं. हा नात्याचा रकाना वाटतो तेवढा सोपा नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर तिथेच जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं तिथल्या सिस्टरांनी केलं, आणि त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांच्या वतीने निर्णय घ्यायला जवळचं कोण म्हणून हॉस्पिटलच्या स्टाफलाच मानलं. १८ मे २०१५ ला त्या गेल्या.

नेत्रदान करायचं असेल तर साधारण ६ तासांत डोळे काढावे लागतात, म्हणून आयबँकेला किती वाजता कळवलं ते लिहायचं, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद.

पेशंट आधी बेडवरून पडला असेल, खुब्याचं हाड मोडलं असेल आणि महिन्याभराने गेला तरी ती पोलीस केस होऊ शकते. अशा वेळी नळ्या, कॅथेटर (लघवीची नळी) काढायचे नाहीत, अंग पुसायचं नाही, पोलिसांना कळवल्याची वेळ टाकायची. पडल्याची जुनी नोंद धड नसेल तर इथे सगळं अंगाशी येतं.

पुढचं कागदी काम १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने चालतं. हॉस्पिटलातल्या मृत्यूचं कारण डॉक्टर फॉर्म ४ वर लिहितात, बाहेरच्या मृत्यूचं ४-अ वर, त्यामुळे साध्या वृद्धाश्रमात शेवटच्या आजारात तपासणारा डॉक्टर शोधावा लागतो. नुसतं 'हृदय बंद पडलं' हे कारण धरत नाहीत, मूळ आजार लिहावा लागतो, आणि तो शोधताना डॉक्टर सिस्टरच्याच नोट्स चाळतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यावी लागते. नोंदणीची मुदत २१ दिवस.

हॉस्पिसमध्ये आणखी एक काम उरतं. पेशंटच्या नावावरच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या दोघींनी मोजायच्या, रजिस्टरला आकडा टाकायचा, दोघींच्या सह्या, आणि मगच मॉर्निंगवाल्या सिस्टरला ओव्हर द्यायची, म्हणजे ड्युटी सोपवायची.