उत्कलनांक-उन्नयन

स्वतः सहजी न उडणारा पदार्थ एखाद्या द्रावकात विरघळवला असता तयार होणारे द्रावण शुद्ध द्रावकापेक्षा अधिक तापमानाला उकळते. या वाढीस उत्कलनांक-उन्नयन म्हणतात. द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. साखर किंवा मीठ विरघळल्यावर द्रवातील पाण्याचा वाटा घटतो, त्याच तापमानाला पूर्वीपेक्षा कमी रेणू वाफेत जातात आणि बाष्पदाब उतरतो. तो पुन्हा हवेच्या दाबाला भिडावा म्हणून द्रावण आणखी तापवावे लागते. द्राव्यच उडणारे असेल तर हा नियम चालत नाही: अल्कोहोल मिसळलेले पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा-मारी राऊल (१८३०–१९०१) यांनी बाष्पदाबातील ही घट प्रयोगांनी मोजली. विरल द्रावणात वाढ ठरते ती विरघळलेल्या कणांच्या संख्येवर, त्यांच्या जातीवर नव्हे. एक किलो पाण्यात एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या), म्हणजे ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तर उत्कलनांक ०.५१ अंश सेल्सिअसने वाढतो. मिठाचा एक मोल अवघा ५८.५ ग्रॅम भरतो, पण त्याचे दोन आयन (विद्युतभारित कण) सुटे होत असल्याने वाढ जवळपास दुप्पट होते. यावरून अज्ञात पदार्थाचे रेणुवस्तुमान काढता येते.

आधणात मीठ घातले की ते जास्त तापते, हा समज तत्त्वतः खरा असला तरी चुलीपाशी निरर्थक आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मिठाने वाढ होते जेमतेम ०.०९ अंश, उलट सुमारे ५५० मीटर उंचीवरील सांगलीत शुद्ध पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरी त्याहूनही दोन-अडीच अंश खाली.

हा परिणाम खऱ्या अर्थाने दिसतो तो कराड-वाळव्याकडील गुऱ्हाळात. काहिलीत ओतलेल्या उसाच्या रसात साखर साधारण पाचवा हिस्सा असते, त्यामुळे सुरुवातीची वाढ अर्ध्या अंशाहूनही कमी असते. चुलवणात चिपाडे सारली जातात, मळी काढली जाते, पाणी वाफ होऊन जाते आणि साखर मागे उरते. म्हणूनच उकळी चालू असूनही तापमान एका जागी न थांबता चढत राहते. काकवी १०५ अंशांच्या सुमारास उतरवतात, ढेपेच्या गुळासाठी पाक ११५ अंशांच्या पुढे न्यावा लागतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहतो, तेव्हा पाकात पाणी किती उरले हेच तो पारखत असतो, आणि तापमापकही वेगळे काही सांगत नाही. येथे वाढ कणांच्या संख्येच्या प्रमाणात धरणारे साधे सूत्र मात्र तोकडे पडते: ८० टक्के साखरेच्या पाकासाठी ते सुमारे ६ अंशांची वाढ देते, प्रत्यक्षात ती १२ अंशांच्या घरात असते, कारण इतक्या दाट पाकात साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात.

इतक्या उष्णतेने साखर करपते व तिचे विघटन होते, म्हणून साखर कारखान्यांत दाणे पाडण्याचे काम निर्वात पात्रांत, बऱ्याच कमी तापमानाला करतात. त्याआधी रस आटवणाऱ्या पात्रांच्या मालिकेत एका पात्राची वाफ पुढच्याला तापवते. पण उकळत्या रसापेक्षा ही वाफ उन्नयनाइतकी थंड झालेली असते, आणि पात्रे किती ठेवायची हे ठरवताना अभियंत्याला ही घट प्रत्येक टप्प्यावर वजा करावी लागते.