डॅशबोर्ड बनवून घ्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. आम्ही छोटे कारखाने, डीलर, डिस्ट्रिब्युटर अशा लोकांना रिपोर्ट आणि डॅशबोर्ड (धंद्याचे आकडे चार्टमध्ये दाखवणारी स्क्रीन) बनवून देतो. पहिल्या मीटिंगला जवळपास सगळेच म्हणतात, "आम्हाला सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे". तसं करून देता येतं, पण आम्ही करू नका म्हणतो, कारण पंचवीस चार्टची स्क्रीन आठवडाभर कौतुकाने उघडली जाते आणि मग सगळे परत टॅलीतून (हिशोबाचं सॉफ्टवेअर) एक्सेल काढून बघायला लागतात.

त्याऐवजी आम्ही विचारतो, सकाळी ऑफिसला आल्यावर तुम्ही ठरवता काय? वसुलीचा फोन कुणाला करायचा, कुठला माल आज मागवायचा, कुठल्या पार्टीचा माल थांबवायचा. ज्या आकड्यामुळे यातला एखादा निर्णय बदलतो तो पहिल्या पानावर, बाकीचे मागच्या पानावर, आणि ज्याने काहीच बदलत नाही तो नकोच.

वसुलीचंच घ्या. "एकूण येणे बाकी ३८ लाख" असा मोठ्ठा आकडा वर लावला तर मालकाला टेन्शन येतं पण फोन कुणाला करायचा ते कळत नाही. तेच पैसे ३० दिवसांच्या आतले, ३१ ते ४५, ४६ ते ९० आणि त्याच्या वरचे असे वेगळे काढून खाली पार्टीची नावं रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली की कामाला सुरुवात होते. ४५ चा कप्पा आम्ही मुद्दाम ठेवतो. एमएसएमई कायदा २००६ नुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या खर्चाची इन्कम टॅक्समधली वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. म्हणजे ३८ व्या-४० व्या दिवशी केलेल्या फोनला वजन असतं, ६० व्या दिवशी ती संधी बऱ्यापैकी गेलेली असते. (नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हे लागू नाही, आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या.) आणि दिवस मोजायचे कुठून, बिलाच्या तारखेपासून की समोरच्याने माल स्वीकारला त्या तारखेपासून, हे आधी ठरवा. कायदा माल स्वीकारल्यापासून मोजतो, बहुतेकांच्या टॅलीत बिलाची तारीख असते.

आकडे जुळत का नाहीत

आमचा सगळ्यात जास्त वेळ चार्टमध्ये जात नाही, डेटा साफ करण्यात जातो आणि तो जायलाच पाहिजे. एकच आयटम "थिनर ५ लि.", "थिनर ५ लिटर" आणि "थिनर ५ली" असा तीन प्रकारे टाकलेला असला की कॉम्प्युटरसाठी ते तीन वेगळे माल, मग सगळ्यात जास्त खपणारा माल यादीत सातव्या नंबरला दिसतो. पार्ट्यांचं तसंच. तिथे आम्ही नावावर विसंबत नाही, जीएसटी नंबर धरतो. त्या १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७, गोवा ३०, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. त्यामुळे एकाच पार्टीची सोलापूर आणि पणजीची खाती पॅनवरून एकत्र बघता येतात, आणि एकूण उधारी किती झालीय ते खरं कळतं.

दुसरं म्हणजे "विक्री" कशाला म्हणायचं. मालक बिलाची एकूण रक्कम धरतात, सीए जीएसटी सोडून धरतात, सेल्सवाले क्रेडिट नोट (माल परत आल्यावर वगैरे बिलातून कमी केलेली रक्कम) वजा करायचं सोडून देतात, मग तिघांचे तीन आकडे आणि डॅशबोर्डवरचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो. आम्ही जीएसटी सोडून आणि परत आलेला माल वजा करून विक्री धरतो आणि तसं पानावर आकड्याच्या खालीच बारीक अक्षरात लिहितो. तुम्हाला वेगळं हवं असेल तर सांगा, फक्त एकदा ठरलं की सगळ्या रिपोर्टला तेच.

मागच्या वर्षीशी तुलना

एकटा आकडा काही सांगत नाही, म्हणून शेजारी मागचं वर्ष लावायचं. पॉवर बीआय (डॅशबोर्ड बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आपणहून जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतं, ३१ मार्चला वर्ष संपतं हे त्याला सांगावं लागतं, ते सोपं आहे. सणांचं अवघड आहे. पाडव्याला गाडी, टीव्ही, सोनं घ्यायची आपल्याकडे पद्धत. आता बघा, २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता आणि २०२३ चा २२ मार्चला, म्हणजे २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात दोन पाडवे. पुढचा थेट ९ एप्रिल २०२४ ला, म्हणजे २०२३-२४ मध्ये एकही नाही! आणि २०२५ चा ३० मार्चला आला, म्हणजे २०२४-२५ मध्ये परत दोन. शोरूमचा डॅशबोर्ड २०२३-२४ ला लाल बाण दाखवणार आणि बिचाऱ्या सेल्स मॅनेजरने काही चूक न करता बोलणी खायची. गणपतीचं पण तसंच, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर आणि २०२५ ला २७ ऑगस्ट, तेव्हा मिठाई किंवा डेकोरेशनच्या धंद्यात ऑगस्टची तुलना ऑगस्टशी केली तर फसायला होतं. म्हणून आम्ही तारखांच्या टेबलमध्ये सणांचा वेगळा कॉलम ठेवतो आणि "गणपतीच्या आधीचे २१ दिवस" अशी तुलना काढून देतो. तयार टेम्प्लेटमध्ये हे मिळत नाही आणि आमच्या मते इथल्या धंद्याला हे हवंच.

चार्टबद्दल थोडक्यात. महिन्यागणिक बदल बघायला रेषा, पार्ट्यांची किंवा मालाची तुलना करायला आडवे बार, आणि बार नेहमी शून्यापासून सुरू, नाहीतर पाच टक्क्यांचा फरक दुप्पट वाटतो. पाय चार्टमध्ये तीन-चारच्या वर तुकडे नकोत. गाडीच्या स्पीडोमीटरसारखे गोल मीटर दिसतात छान पण एका आकड्यासाठी पाव स्क्रीन खातात, आम्ही टाळतो. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर काही सांगू नये, बऱ्याच पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही, सोबत बाण किंवा शब्द द्यावा. आणि आकडे लाख-कोटीत. पॉवर बीआयच्या तयार पर्यायांत मिलियन-बिलियन येतं, लाख-कोटीसाठी वेगळा फॉरमॅट लिहावा लागतो, तो आम्ही लिहून देतो.

चालू ठेवायचं कसं

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण तयार रिपोर्ट ऑफिसातल्या लोकांना नीट शेअर करायला प्रो लायसन्स लागतं. त्यात दिवसाला ८ वेळा ऑटोमॅटिक रिफ्रेश (नवा डेटा आपोआप ओढून घेणं) लावता येतो, धंद्याला तेवढा भरपूर झाला. टॅली तुमच्याच कॉम्प्युटरवर असेल तर रिफ्रेशच्या वेळी तो चालू पाहिजे, रात्री बंद करून गेलात तर रिफ्रेश फेल, आणि लागोपाठ चार वेळा फेल झाला की वेळापत्रकच बंद पडतं. म्हणून प्रत्येक पानावर "डेटा कधीपर्यंतचा" ही तारीख वर दिसेल अशी आम्ही ठेवतोच. अजून एक, "पब्लिश टू वेब" हे बटण कुणी सांगितलं तरी दाबू नका, ती लिंक ज्याच्या हातात जाईल त्याला लॉगिनशिवाय तुमची सगळी उधारी दिसते.

पहिल्या मीटिंगला येताना मागच्या दोन वर्षांची टॅलीतली बिलवार विक्री आणि येणे बाकी एक्सेलमध्ये घेऊन या, तुम्ही आत्ता वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर जो हिशोब बघता त्याचा फोटो आणा, आणि जो माणूस रोज वसुलीचे फोन करतो त्याला सोबत आणलंत तर फारच बरं.