दिवंगत प्राध्यापकांच्या नावे विद्यापीठात स्मृतिनिधी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात आपल्या दिवंगत सरांच्या किंवा मॅडमच्या नावाने पारितोषिक, शिष्यवृत्ती, सुवर्णपदक किंवा व्याख्यानमाला सुरू करायची असेल, तर पद्धत साधारण अशी असते: देणगीची रक्कम मुद्दल म्हणून विद्यापीठाकडे कायम राहते, ती मुदत ठेवीत गुंतवली जाते आणि खर्च फक्त व्याजातून होतो. त्यामुळे आधी हिशेब मांडा. समजा ५ लाख रुपये जमले आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर वर्षाला ३०,००० रुपये मिळतात. एवढ्यात एक चांगली शिष्यवृत्ती बसते. शिष्यवृत्ती, पदक आणि व्याख्यान असं तिन्ही बसवायला गेलं की एकही धड होत नाही. थोडं व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवण्याची तरतूदही करून घ्या, कारण आजची रक्कम वीस वर्षांनी किरकोळ वाटणार आहे.

देणगी कुणीही देऊ शकतं: कुटुंबीय, माजी विद्यार्थी, सहकारी, संस्था. माजी विद्यार्थी मिळून वर्गणी काढणार असतील, तर पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात गोळा करू नका. तसं केलं तर पावती त्या एकाच्याच नावाने निघते, आणि करसवलतही इतरांना मिळत नाही. प्रत्येकाने थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावं आणि निधीचं नाव कळवावं. परदेशात राहणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याची देणगी मात्र परकीय धरली जाते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी. अशी देणगी घ्यायला विद्यापीठाकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी, पूर्वपरवानगी किंवा सूट लागते. पाठवण्याआधी वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून हे लेखी घ्या.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करायचा, पण त्याआधी संबंधित विभागप्रमुखांशी बोला, कारण पुढे वर्षानुवर्षं हे काम विभागच चालवणार असतो. अर्जासोबत प्राध्यापकांचा एका पानाचा परिचय, त्यांच्या सेवाकाळाचा तपशील, मृत्यू दाखल्याची प्रत, देणगीदाराचं पॅन आणि पत्त्याचा पुरावा, आणि निधीच्या अटींचा मसुदा जोडावा. देणगी संस्थेची असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावही. कुटुंबीयांचं संमतिपत्र मागितलं नसलं तरी मी ते जोडायला सांगेन. नाव त्यांच्या माणसाचं आहे, ते कसं लिहिलं जावं हे त्यांनीच ठरवावं. प्रमाणपत्रावर छापलं जाणारं पूर्ण नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आद्याक्षरांसह, त्यांच्याकडून तपासून घ्या.

किमान रक्कम प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. ती चौकशीतच विचारून घ्या. प्रस्ताव छाननीनंतर व्यवस्थापन परिषदेपुढे जातो, आणि स्वीकृतीचं पत्र हातात येईपर्यंत मोठी रक्कम भरण्याची घाई करू नये.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो अटींच्या मसुद्याला. प्रेमापोटी लोक अटी फार बारीक लिहितात: 'एम. ए. मराठी, भाषाविज्ञान हा पर्यायी विषय, पहिल्याच प्रयत्नात ७५ टक्क्यांहून अधिक गुण, ग्रामीण भागातील विद्यार्थिनी.' पुढे अभ्यासक्रम बदलतो, पर्यायी विषय बंद होतो, टक्केवारीच्या जागी श्रेयांक आणि श्रेणी येतात, आणि पारितोषिक कुणालाच देता येत नाही. व्याज साचत राहतं आणि सरांचं नाव दीक्षान्त समारंभात उच्चारलंच जात नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मराठी विभागाच्या पदव्युत्तर परीक्षेत सर्वोच्च गुण किंवा श्रेणी मिळवणारी विद्यार्थिनी, अभ्यासक्रमाचे नाव वा स्वरूप बदलल्यास विभागाने समकक्ष ठरवलेली परीक्षा ग्राह्य, त्या वर्षी पात्र उमेदवार नसल्यास रक्कम मुद्दलात जमा.' विद्यार्थी निवडण्याचा अधिकार मात्र विद्यापीठाचाच राहतो, देणगीदाराने तो मागू नये.

साधी अट किती टिकते याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी होती, आणि १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

करसवलतीबद्दल थोडक्यात. कलम ८० जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. वजावट ५० टक्के की १०० टक्के हे विद्यापीठाच्या मान्यतेवर ठरतं. पावतीवर पॅन बरोबर आहे ना ते पाहा आणि देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

रक्कम थोडी असेल तर नवा निधी काढण्याचा हट्ट नको. विभागाच्या आधीच्या निधीत भर घालता येते, किंवा विभागीय ग्रंथालयासाठी एकरकमी देणगी देता येते. सरांची पुस्तकं द्यायची असतील तर आधी यादी पाठवा, ग्रंथालय आपल्याकडे नसलेलीच पुस्तकं घेतं.

निधी सुरू झाल्यावर दरवर्षी वित्त विभागाकडून शिलकीचं पत्रक आणि पारितोषिक कुणाला मिळालं याची माहिती मागवा. देणगीदारांपैकी वयाने लहान अशा दोघांची नावं पत्रव्यवहारासाठी अर्जातच देऊन ठेवा. पत्ता किंवा फोन बदलला तर तो त्यांनी विद्यापीठाला कळवायचा.