जेलच्या गेटवरची झडती आणि रस्त्यावरची नाकाबंदी

मुंबईत साने गुरुजी मार्गावर, म्हणजे जुन्या आर्थर रोडवर, रात्री नाकाबंदी लागली आणि पोलिसाने डिकी उघडायला सांगितली, तर बाजूला जेलची भिंत असली तरी ती झडती जेलची नसते. पलीकडे गेटवर भाजीचा टेम्पो अडवून तपासतात, ती जेलची. दोन्हीकडे खाकी वर्दीच असल्यामुळे लोकांची गल्लत होते. मुलाकातीला आलेले नातेवाईक गेटवर ‘वॉरंट दाखवा’ म्हणून हुज्जत घालतात आणि रस्त्यावर मात्र एक शब्द न विचारता सगळी गाडी उघडून देतात. कायद्याच्या हिशोबाने हे बरोबर उलटं आहे.

आधी गेट. १८९४ च्या कारागृह कायद्याचं कलम २१ द्वारपालाबद्दल आहे. त्यात गाडीचा वेगळा उल्लेख नाही, पण आत येणारी किंवा बाहेर जाणारी कुठलीही वस्तू तपासायची मुभा आहे. त्यासाठी संशयाची अट नाही. माणसाची झडती घ्यायची तर मात्र संशय लागतो. म्हणजे टेम्पोतल्या कोबीच्या गोणीत सळई खुपसून बघायला, सीटखाली हात घालायला कारण सांगावं लागत नाही. ड्रायव्हरच्या खिशात हात घालायचा असेल तर त्याच्याकडे काही बंदी असलेलं आहे असं वाटायला हवं. हा फरक गेटवर फारसा कोणी पाळत नसेल, पण कायद्यात तो स्पष्ट आहे.

मुलाकातीला येणाऱ्यांसाठी कलम ४१. संशय असेल तर जेलर अंगझडती घेऊ शकतो, पण कैद्यांसमोर किंवा दुसऱ्या मुलाकात्यांसमोर नाही. नकार दिलात तर प्रवेश नाकारता येतो आणि त्याची कारणं नोंदवावी लागतात. रांगेत सगळ्यांदेखत कोणाचे कपडे चाचपले जात असतील तर हरकत घ्यायची ती या मुद्द्यावर. वॉरंटचा मुद्दा इथे चालत नाही.

गोम आहे ती जेलच्या आवारात. कायद्याच्या व्याख्येत जेल म्हणजे नुसत्या बराकी नव्हेत. जेलला जोडलेल्या जमिनी आणि इमारतीही त्यात धरल्या आहेत. फुटपाथ आणि समोरचा रस्ता त्यात येत नाही. मग आवारात कुलूप लावून उभ्या केलेल्या रिकाम्या गाडीचं काय? कलम २१ आत-बाहेर नेल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल बोलतं. त्यामुळे माझ्या मते जेलच्या शिपायाने अशा गाडीची काच फोडणं टिकायला अवघड आहे. त्याने पोलिसांना बोलवावं. अटकेचे त्याचे अधिकारही तुटपुंजेच आहेत. त्याच्या डोळ्यांदेखत कोणी भिंतीवरून पुडी आत फेकली आणि नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तरच कलम ४३ खाली अटक करून त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. अशी बंदी असलेली वस्तू आत पोचवण्याबद्दल कलम ४२ खाली शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपये! टोइंगवाल्याने गाडी उचलली तर त्याहून जास्त जातात. राज्याच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहांसाठी नवं विधेयक मंजूर केलं. इथली कलमं आणि रकमा १८९४ च्या कायद्यातल्या आहेत.

आता रस्ता. वर्दीतल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवायचं, त्यात वाद नाही. पण लायसन्स बघायचा अधिकार म्हणजे डिकी उपसायचा अधिकार नव्हे. त्यासाठी चोरीचा माल, शस्त्र, अमली पदार्थ असं संशयाला काहीतरी कारण लागतं. गुन्ह्याच्या तपासात वॉरंटशिवाय झडती घेतली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे कारणं लेखी नोंदवायची आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही करायला हवं. म्हणून ‘साहेब, कशासाठी?’ हा प्रश्न शोभतो तो इथे. बाईची अंगझडती मात्र कुठेही बाईनेच घ्यायची.

झडती बेकायदा ठरली की केस बाद, हा समज इंग्रजी सिनेमांतून आलेला. आपल्याकडे पूरणमल खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७३ सालीच सांगितलं की झडती चुकीची असली तरी तेवढ्यावरून सापडलेला पुरावा बाद होत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात कोर्ट जास्त कडक आहे. बूटा सिंग खटल्यात (२०२१) रस्त्यावर उभ्या खासगी जीपमध्ये अफूच्या बोंडांचा चुरा सापडला होता. पोलिसांनी सार्वजनिक जागेचा नियम लावला, ज्यात आधी काही लिहून काढावं लागत नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, रस्ता सार्वजनिक असला तरी जीप खासगी आहे. तिला अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ४२ लागू, म्हणजे माहिती आधी लिहून काढून वरिष्ठांना कळवायला हवी होती. ते केलंच नव्हतं, आणि आरोपी सुटले.