वाळूवरचा तपकिरी थर: डायटम आणि डायनो एक नव्हेत

रीफ टँकच्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या) वाळूवर तपकिरी थर दिसला की सल्ला ठरलेला: पाणी बदला, खाणं कमी करा, फॉस्फेट काढा. थर डायटमचा (सिलिकेचं कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळाचा) असेल तर यानं काही बिघडत नाही. पण डायनोफ्लॅजेलेटचा (थोडक्यात डायनो, शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे एकपेशीय जीव) असेल तर याच सल्ल्यानं टँक हातचा जातो. तरीही न बघता तो दिला जातो, याची चीड येते.

डायटम सगळ्यांच्या ओळखीचे. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतात, काचेवर भुकटीसारखे बसतात, बोटानं पुसले जातात, गोगलगायी खाऊन टाकतात. त्यांना सिलिका लागते. कोकणात ती विहिरी-बोअरच्या पाण्यातून येते, किंवा पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी भरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यातून. विरघळलेली सिलिका टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) जवळपास दिसतच नाही, त्यामुळे कमी आकड्यावर विसंबू नका. आरओ फिल्टरनंतर डीआय (उरलेले क्षार रेझिननं काढणारा टप्पा) लावा, रेझिन वेळेवर बदला. एवढं पुरतं. लालसर जांभळी चादर अखंड सोलून निघत असेल तर तो सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्याचा इथे संबंध नाही.

डायनो मात्र शेंबडासारख्या तारा सोडतात आणि तारांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. रात्री थर विरळ होतो, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा दाट. टर्बो गोगलगायी सुस्त होऊन उलट्या पडू लागल्या तर जवळपास खात्री धरा. ऑस्ट्रिओप्सिससारखे काही डायनो विषारी असतात.

तरी शंका असेल तर थोडा थर बाटलीत टँकच्याच पाण्यासोबत जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. सुट्या पेशी पुन्हा एकत्र येऊन तारा झाल्या तर डायनो. ४०० पट मायक्रोस्कोप मिळाला तर फारच उत्तम: ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो आणि टोकाशी बांधल्यासारखा गोल फिरतो, अँफिडिनियम हा दुसरा डायनो लंबगोल आणि सरपटणारा.

आता मूळ मुद्दा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आले की बाकीची शेवाळं आणि बॅक्टेरिया उपाशी राहतात. डायनो राहत नाहीत, कारण प्रकाशावर जगता जगता त्यांच्यातले बरेच जण बॅक्टेरियाही खातात. म्हणजे जितकी ‘स्वच्छता’ कराल तितके त्यांचे स्पर्धक तुम्ही स्वतः हटवता. कोरड्या, म्हणजे जिवंत जीव नसलेल्या खडकावर उभारलेल्या टँकमध्ये हे बऱ्याचदा होतं.

म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) काढा, कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवायला व्हिनेगर-व्होडकासारखं खाद्य देणं) बंद करा, पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम ठेवा. शुद्ध सोडियम नायट्रेट १०० लिटरला ०.७ ग्रॅम टाकलं की नायट्रेट सुमारे ५ पीपीएमनं वाढतं. फॉस्फेट कोरडा खडक शोषून घेतो; आज टाकलेलं उद्या शून्य दिसेल, म्हणून रोज मोजा, तेही कमी पातळी दाखवणाऱ्या किटनं. विषासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा.

ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, तेव्हा यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं यंत्र) उपयोगी पडतो. मात्र त्याचं पाणी सम्पमधून (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून) नको, थेट टँकमधून घेऊन टँकमध्येच सोडा. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीचा पैसा वाया जातो. उलट त्याच्यावर सिलिका मोजून देतात, म्हणजे डायटम वाढून जागा व्यापतात.

जुन्या, निरोगी टँकमधली मूठभर वाळू किंवा खडकाचा तुकडा मिळाला तर जरूर टाका. त्यासाठी मालवणच्या समुद्रातून प्रवाळखडक मात्र उचलू नका: तिथे सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

उतार पडू लागला की काचेवर हिरवं शेवाळ धरेल. ते खरवडा, गोगलगायी वाढवा, पण जीएफओ पुन्हा लावू नका.