चारशे दिवसांचं वर्ष

पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे, असा दावा बायबलच्या आधारे केला जातो. तो प्रवाळावरूनही तपासता येतो. प्रवाळाच्या सांगाड्यावर केसाइतक्या बारीक वळ्या असतात. जिवंत प्रवाळात साधारण रोज एक वळी चढते, कारण चुना साचण्याचा वेग दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा. ऋतू पालटला की वळ्यांची दाटी बदलते आणि त्यातून एकेका वर्षाचा पट्टा ओळखू येतो. एका पट्ट्यात वळ्या किती, हे भिंगाखाली मोजायचं. आजच्या प्रवाळात हा आकडा 360 च्या आसपास येतो. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी डेव्होनियन या फार जुन्या भूशास्त्रीय काळातल्या जीवाश्म प्रवाळांवर हीच मोजणी केली आणि 1963 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना वर्षाला सुमारे 400 वळ्या मिळाल्या.

मोजणी वाटते तितकी सरळ नाही. पृष्ठभाग झिजलेला असतो, दोन वळ्या एकमेकींत मिसळतात, मोजणाऱ्याची नजरही कधी फसते. त्यामुळे वेल्स यांचे आकडे साधारण 385 ते 410 असे पसरले होते. पण त्यातला सर्वांत छोटा आकडासुद्धा 365 च्या वरच आहे.

पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. दिवसाची लांबी मात्र बदलते. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतं आणि दिवस दर शतकाला अंदाजे 2 मिलिसेकंदांनी लांबतो. जुन्या ग्रहणांच्या नोंदींवरून आणि अणुघड्याळांवरून हा वेग ठाऊक आहे. आता गणित करू. वर्षाचे 8,766 तास भागिले 400 म्हणजे दिवस 21.9 तासांचा, आजच्यापेक्षा 2.1 तासांनी लहान. शतकाला 2 मिलिसेकंद या वेगाने हा फरक पडायला सुमारे 37.8 कोटी वर्षं लागतात. किरणोत्सारी कालमापनानुसार, म्हणजे खडकातल्या अणूंच्या क्षयावरून काढलेल्या वयानुसार, डेव्होनियन काळ 41.9 ते 35.9 कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

उत्तर इतकं चपखल बसण्यात थोडा नशिबाचाही हात आहे. खंडांची मांडणी बदलली की भरतीचं घर्षण बदलतं, त्यामुळे हा वेग कायम एकसारखा नव्हता. तो निम्मा धरा, दुप्पट धरा, उत्तर कोटींतच राहतं. सहा हजार वर्षांत याच वेगाने दिवस 0.12 सेकंदांनी वाढेल. तेवढ्याने वर्षात एक वळीसुद्धा जास्त दिसणार नाही.

सहा हजार हा आकडा बायबलमधल्या वंशावळी जोडून येतो. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व 4004 मध्ये ठरवला होता. आजचे अल्पवयी-पृथ्वीवादी सहा ते दहा हजार वर्षं मानतात आणि जीवाश्म असलेले बहुतेक थर नोहाच्या एका वर्षाच्या महापुरात साचले असं सांगतात. या कल्पनेला पहिला मोठा धक्का नास्तिकांनी दिलेला नाही. अॅडम सेजविक हे धर्मगुरू होते आणि भूशास्त्रज्ञही. जमिनीवर पसरलेले वाळू-गोट्यांचे थर एकाच जागतिक पुराचे असल्याचं आपलं मत त्यांनी 1831 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून जाहीरपणे मागे घेतलं. तेव्हा किरणोत्साराचा शोध लागायला 65 वर्षं बाकी होती. ‘खडकाचं वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचं वय खडकावरून काढता’ हा आक्षेप इथेच गळतो. थरांचा क्रम आधीच पक्का झाला होता. विल्यम स्मिथ यांचा इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा 1815 चा आहे. वर्षांचे आकडे त्या क्रमावर नंतर चढले, आणि क्रम मोडला नाही.

आता सगळ्यात आवडीचा आक्षेप: कालमापन चुकतं. चुकतंच. प्रश्न एवढाच, की कुठे आणि का. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या घुमटातला 1986 च्या सुमाराला थिजलेला खडक पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने तपासून घेतला गेला. अख्ख्या खडकाचं वय आलं साडेतीन लाख वर्षं आणि त्यातून वेगळ्या केलेल्या एका खनिजाचं 28 लाख. पोटॅशियम-40 च्या क्षयातून अरगॉन वायू तयार होतो, आणि ही पद्धत असं गृहीत धरते की लाव्हा थिजताना त्यात अरगॉन शिल्लक नव्हता. पण घुमटाच्या घट्ट लाव्हात आधीच तयार झालेले, खोलवरचा अरगॉन पोटात धरून ठेवलेले स्फटिक असतात. शिवाय पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ, 125 कोटी वर्षं. दहा वर्षांत तयार होणारा अरगॉन उपकरणाला दिसणारच नाही, दिसेल तो आधीचाच. ट्रक तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवायची आणि काटा खोटा म्हणायचं, असा हा प्रकार.

त्याच पद्धतीचं सुधारलेलं रूप नीट वापरलं तर काय होतं? व्हेसुव्हियसच्या इसवी सन 79 मधल्या उद्रेकातले सॅनिडाइन या पोटॅशियमयुक्त खनिजाचे स्फटिक टप्प्याटप्प्याने तापवून, प्रत्येक टप्प्यावर सुटलेला अरगॉन वेगळा मोजून, आधीचा अरगॉन हिशोबातून बाजूला काढला गेला. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेलं वय होतं 1,925 वर्षं, अधिक-उणे 94. खरं वय 1,918.

कोळशात आणि हिऱ्यात कार्बन-14 सापडतो, म्हणजे ते काही हजार वर्षांचेच, हा याचाच चुलत आक्षेप. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं. दहा अर्धायुष्यांत तो मूळच्या 1,024 व्या भागावर येतो. नमुना हाताळताना, जाळताना, यंत्रात घालताना आजचा कार्बन हजारात एक भाग जरी शिरला, तरी कोट्यवधी वर्षांचा कोळसा 55 हजारांच्या आसपासचा दिसतो. म्हणून प्रयोगशाळा कार्बन-14 नसलेला कोरा नमुनाही सोबत मोजतात आणि 50 हजारांपलीकडे जात नाहीत.

कोटींच्या हिशोबाला झिरकॉन नावाचं खनिज लागतं. ज्वालामुखीच्या राखेचा थर फोडायचा, चाळायचा, जड द्रवात बुडवून जड कण तळाशी बसवायचे, चुंबकाने लोहयुक्त खनिजं काढायची आणि उरलेल्यांतून झिरकॉनचे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचायचे. हा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळपास दारातच अडवतो. म्हणजे आत सापडलेलं शिसं बहुतांशी तिथेच जन्मलेलं. त्यात दोन घड्याळं एकदम चालतात: युरेनियम-238 (अर्धायुष्य 447 कोटी वर्षं) आणि युरेनियम-235 (70.4 कोटी). दोन्हींची उत्तरं जुळली तर दाणा विश्वासाचा. तडे गेलेल्या भागातून शिसं निसटलं असेल तर उत्तरं फुटतात आणि बिघाड आपणहून उघडा पडतो. त्यावर इलाज असा: दाणे 900 अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-अडीच दिवस भाजायचे, मग गरम हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवायचे. खराब भाग विरघळून जातो, निकोप गाभा उरतो.

मग ‘पूर्वी क्षयाचा वेगच जास्त असेल’ हा शेवटचा बचाव. आफ्रिकेतल्या गॅबन देशातल्या ओक्लोच्या खाणीतल्या युरेनियममध्ये 235 चं प्रमाण नेहमीच्या 0.720 टक्क्यांऐवजी 0.717 असल्याचं 1972 मध्ये लक्षात आलं. तिथे सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तेव्हा हे प्रमाण 3 टक्क्यांच्या वर होतं, म्हणूनच साध्या पाण्याच्या मदतीने साखळी प्रक्रिया चालू शकली. तिने मागे ठेवलेली समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) राख तपासली तर अणुगर्भाचे नियम तेव्हाही आजच्यासारखेच दिसतात. शिवाय क्षयाबरोबर उष्णताही सुटते. कोट्यवधी वर्षांचा क्षय एका वर्षात उरकला तर कवच वितळेल. नोहाचं जहाज तरंगायला पाणीच उरणार नाही. या मताच्या संशोधकांच्याच एका गटाने हा उष्णतेचा प्रश्न सुटलेला नसल्याचं मान्य केलं आहे.

महापुराच्या पाण्याने प्राणी आकार-वजनाप्रमाणे थरांत लावले, म्हणे. परागकण बघा. धुळीसारखे हलके, वारा आणि पाणी त्यांना कुठेही नेतं. तरी कार्बोनिफेरस काळातल्या, म्हणजे डेव्होनियननंतर लगेचच्या, कोळशाच्या जाड थरांत नेचे आणि त्यांच्यासारख्या वनस्पतींचे बीजाणू खच्चून भरलेले असतात आणि गवताचा एकही परागकण नसतो. भूमध्य समुद्राच्या तळाखाली मिठाचा थर काही ठिकाणी किलोमीटरहून जाड आहे. मीठ असं साचायला समुद्र आटावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा भरून. पूर चालू असताना नाही.

राहिली अनेक थर भेदून उभी असलेली झाडांची जीवाश्म खोडं. ‘लाखो वर्षं झाड उभं कसं राहील?’ असं विचारलं जातं. लाखो वर्षं कुणीच म्हणत नाही. नदीच्या पुराने एक खोड काही वर्षांत गाडलं जाऊ शकतं. पण कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या जॉगिन्सच्या कड्यावर अशी खोडं एकावर एक अनेक पातळ्यांवर आहेत, आणि मुळं जिथल्या तिथे, जुन्या मातीत पसरलेली आहेत. चार्ल्स लायेल आणि विल्यम डॉसन या भूशास्त्रज्ञांना 1852 मध्ये त्यातल्या एका पोकळ बुंध्यात चार पायांच्या लहान प्राण्याची हाडं मिळाली. म्हणजे झाड वाढलं, गाळात अर्धं गाडलं गेलं, मेलं, आतून कुजून पोकळ झालं, प्राणी त्यात शिरला आणि तिथेच मेला. मग वर गाळ चढला, त्याची माती झाली, आणि तिच्यात पुढचं जंगल उगवलं.