पोरांची माहिती कपाटातून मोबाईलमध्ये कशी गेली

आधार कुठून सुरू झालं हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार नंबर तिथल्या आदिवासी लोकांना मिळाले. तेव्हा शाळेचा याच्याशी काय संबंध असं कोणीही म्हटलं असतं, कारण पोराची सगळी कुंडली दाखलखारीज रजिस्टरात, रजिस्टर लोखंडी कपाटात आणि चावी हेडमास्तरांच्या खिशात. प्रायव्हसी हा शब्द कोणाला माहीत नव्हता पण चावी होती ना.

ती चावी हातातून सुटली २०१५ ला. राज्याने 'सरल' आणलं, प्रत्येक पोराची माहिती ऑनलाइन भरा म्हणे. आता गावात रेंज नाही, दिवसा सर्व्हर हलत नाही, म्हणून मास्तर लोक रात्री तालुक्याच्या नेट कॅफेत बसायचे, आणि रोज कोण येणार म्हणून आयडी-पासवर्ड कॅफेवाल्या पोराकडेच. मी स्वतः पाहिलंय, मॉनिटरच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी, चार शाळांचे पासवर्ड एकाखाली एक. मास्तरांना मी दोष देत नाही, त्यांना भरायची तारीख सांगितली होती, जपायचं कसं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मग नोव्हेंबर २०१६ चा तो सेल्फीचा जीआर. पोरं शाळा सोडतात ती गळती थांबवायची म्हणून दर सोमवारी मास्तरांनी दहा-दहा पोरांसोबत सेल्फी काढायचा आणि नाव, आधार नंबरासकट सरलवर टाकायचा! संघटना ओरडल्या आणि ते बारगळलं, पण आमच्याकडे मी ऐकलेली ओरड होती ती मोबाईल आमचा, नेटपॅक आमचा अशी, पोरींचे फोटो कुठे जातील हे फार थोडे बोलले. याचं मला खरंच नवल वाटतं, कारण १९९४ चं जळगाव आपण पाहिलंय, फोटोंचा धाक दाखवून मुलींना कसं छळलं ते. तेव्हा तर मोबाईलही नव्हते. आणि आपण त्यातून शिकलो काय, तर पोरींचे क्लास बंद करायचे.

कोर्ट मात्र पुढे गेलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं की आधार नाही म्हणून पोराला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही. गावात कोणी सांगितलं का हे? शाळेत तर आधी आधारची झेरॉक्सच मागतात.

खरा पूर आला मार्च २०२० नंतर. शाळा बंद, आणि प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात बापाचा, मामाचा, शेजारच्या भाऊचा नंबर, ज्याच्याकडे स्मार्टफोन त्याचा. पोरीचा गृहपाठाचा व्हिडिओ पन्नास अनोळखी मोबाईलमध्ये. ऑनलाइन अभ्यासाच्या सरकारी 'दीक्षा' ॲपचंही तेच, सर्व्हर उघडा राहिल्याने लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती बघता येत होती हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. आणि आजही ग्रुपवर शिष्यवृत्तीची यादी येते, नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं, खाली "पालकांनी तपासून घ्यावे". एका क्लार्कला म्हटलं हे बरोबर नाही, तर म्हणे काही व्हत नही भाऊ.

२०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार, पोरांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी, आणि हे मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि संमतीची तरतूद लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष. शाळांना शिक्षणासाठी आणि सुरक्षेसाठी लक्ष ठेवायची सूट आहे, ती सूट कुठवर ताणली जाईल ते दिसेलच.

तोवर 'अपार'चे फॉर्म सुरू झालेत, प्रत्येक पोराला शिक्षणाच्या नोंदींसाठी १२ आकडी नंबर. परवा पालकसभेत रांग लागली होती, पुढचा सही करतोय म्हणून मागचा करतोय. माझ्या पुढच्या दादाने पेन हातात धरून विचारलं, "सर, हे नंतर परत घेता येतं का?" सरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की संमती केव्हाही मागे घेता येते. सरांनीही ते पहिल्यांदाच वाचलं.